फुप्फुसाच्या कर्करोगातील संयुक्त उपचार : एका निष्कर्षाची चिकित्सा

शस्त्रक्रियेच्या आटोक्याबाहेर गेलेल्या, परंतु छातीपुरत्याच मर्यादित राहिलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार व रसायनोपचार हे दोन्ही द्यावेत, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. वाद होता तो क्रमाचा. आधी औषधे व मागाहून किरण, की दोन्ही एकाच वेळी? लघुपेशी प्रकार वगळता इतर कर्करोगांपुरता या प्रश्नाचा निवाडा करणारा वॉल्टर करन व त्यांचे सहकारी यांचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. जालना जिल्ह्यातील रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

हा प्रयोग १९९४ पासून १९९८ पर्यंत अमेरिकेत ६१० रुग्णांवर झाला. क्रमाने उपचार घेणाऱ्यांपैकी १० टक्के, तर एकाच वेळी दोन्ही उपचार घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. दिवसातून दोनदा किरण दिलेल्या तिसऱ्या गटात हे प्रमाण १३ टक्केच राहिले. सिसप्लॅटिनसारखे औषध किरणांनी दुखावलेल्या पेशीला दुरुस्तीची उसंत मिळू देत नाही. म्हणूनच दोहोंचा समकाल गुणकारी ठरतो. तथापि त्याची किंमतही आहे. २०१० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात अन्ननलिकेच्या तीव्र दाहाचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेलेले दिसते.

अहवालाचा निष्कर्ष निर्विवाद आहे. मात्र तो कोणाविषयी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांचे वजन फारसे घटलेले नव्हते व ज्यांची हिंडण्याफिरण्याची शक्ती शाबूत होती, असेच रुग्ण त्यात निवडले होते. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आधी क्षयाची औषधे घेण्यात काही महिने घालवून, अशक्त होऊन, कर्करोगतज्ज्ञापुढे येतात. शिवाय हे किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सात आठवडे चालतात. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालना शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे; परतूर व मंठा हे तालुके त्याहूनही पूर्वेला. शासकीय योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. आणि उपचारात खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढीस लागतात व समकालाचा लाभ हातचा जातो.

यावरून ग्रामीण रुग्णाला क्रमवार उपचारच द्यावेत, असे अनुमान काढणे सोपे आहे. परंतु ते चुकीचे ठरेल. संयुक्त उपचार पूर्ण केलेल्या व रोग न बळावलेल्या रुग्णांना पुढे डुर्व्हालुमॅब दिले असता पाच वर्षांच्या हयातीचे प्रमाण ३३.४ टक्क्यांवरून ४२.९ टक्क्यांवर गेल्याचे, २०१७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘पॅसिफिक’ प्रयोगाच्या पुढील पाहणीत आढळले. पहिली पायरी हुकली, तर या दुसऱ्या पायरीचा आधारही डळमळतो.

म्हणून दोन कारणांची गल्लत होता कामा नये. रुग्णाची क्षीणता हे क्रमवार उपचाराचे वैद्यकीय कारण आहे. गावाचे अंतर हे तसे कारण नव्हे. क्षीणतेवर उपाय वैद्याने योजावा. अंतरावरील उपाय म्हणजे रुग्णालयालगतचा निवास, सकस आहार आणि वेळेवर निदान. ही व्यवस्था नसताना सौम्य उपचारालाच योग्य उपचार म्हणणे म्हणजे व्यवस्थेतील उणीव रुग्णाच्या माथी मारणे होय.