उतारावरचें घर

घर बांधावयाचें म्हणजे आधीं जमीन सपाट करावयाची, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. जागा उताराची असली तर वरची बाजू तासावी, खालच्या बाजूस भराव घालावा, आणि मग त्या सपाटीवर घर उभें करावें. सिमेंट-काँक्रीट हातीं आल्यापासून तर ह्या उद्योगास धरबंदच राहिला नाहीं. म्हणूनच ज्या घरानें ह्याच काँक्रीटच्या साह्यानें उताराचा मान राखला, त्याचें रसग्रहण करणें अगत्याचें वाटतें.

जपानांत ओसाका व कोबे ह्या शहरांच्या दरम्यान आशिया नांवाचें नगर आहे. तेथील झाडीच्या उतारावर, पोषाखांच्या नवनव्या तऱ्हा योजणाऱ्या प्रख्यात कलावती हिरोको कोशिनो ह्यांच्याकरितां तादाओ आंदो ह्यांनीं १९८१ सालीं हें घर पुरें केलें. वास्तुशास्त्राचें रीतसर शिक्षण न घेतां, प्रवास व वाचन ह्यांच्या बळावर आंदो ह्या कलेंत शिरले; १९९५ सालीं त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळालें.

घराची रचना ऐकावयास अगदीं साधी आहे. काँक्रीटच्या दोन लांबट पेट्या एकमेकींस समांतर अशा जमिनींत अर्ध्या रुतवून ठेविल्या आहेत. एक दुमजली, तींत बैठक, स्वयंपाकघर व गृहस्वामिनीचें शेजघर. दुसरींत मुख्यतः एका ओळीनें शेजघरें. जमिनीखालील एक वाट दोहींस जोडते. प्रवेश वरच्या मजल्यावर असल्यामुळें पाहुणा बैठकींत येतो तो जिना उतरून. दोन पेट्यांच्या मधल्या अंगणांत रुंद पायऱ्या आहेत, आणि त्या उताराच्याच चालीनें खालीं जातात. घर बसविण्यासाठीं जमीन खणावी लागलीच. पण डोंगराची जी रेघ खणण्यानें मोडली, ती ह्या पायऱ्यांनीं पुन्हा ओढून दिली. माझ्या मतें ह्या वास्तूचें मर्म येथें आहे.

भिंतींना गिलावा नाहीं, रंग नाहीं. काँक्रीट ओतण्याच्या साच्याचे तक्ते आंदो बहुधा ९० सेंटिमीटर रुंद व १८० सेंटिमीटर लांब घेतात. जपानी घरांतील चटईचें मापही जवळजवळ हेंच. छताच्या कडेस ठेविलेल्या फटींतून ऊन ह्या भिंतीवर उतरतें व दिवसभर सरकत राहतें. इतर सजावट अशी जवळजवळ नाहींच.

तथापि एक आक्षेप टाळतां येत नाहीं. जिच्यावर देवाची तसबीर किंवा मुलानें काढलेलें चित्र टांगण्यास हात धजावत नाहीं, ती भिंत संसाराची म्हणावी काय? शेजघरांची ती सारखी रांग पाहून वसतिगृहाची आठवण होते. घर माणसांसाठीं कीं भिंतीसाठीं, हा प्रश्न येथें खरोखरच उभा राहतो. पुढें १९८४ मध्यें वरच्या अंगास एक कार्यशाळा जोडण्यांत आली. तिची भिंत वर्तुळाच्या चतुर्थांशासारखी वळलेली आहे, व तिच्यावर पडणारें ऊनही वांकडें होऊन पडतें. मूळ घराच्या ताठर शिस्तीस ह्या एका वळणानें मार्दव आलें. त्यानंतर ह्या वास्तूचें कलादालन झालें, ह्यांत आक्षेपकांस आपलें म्हणणें सिद्ध झाल्यासारखें वाटेल.

मला मात्र दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्याशा वाटतात. उघड्या भिंतींचें व्रत सर्वांनाच पेलेल असें नाहीं, व तें न पेललें म्हणून कोणी अरसिक ठरत नाहीं. परंतु डोंगरावर घर बांधूं इच्छिणाऱ्यानें त्या मधल्या पायऱ्यांचा आराखडा जरूर पाहावा. जमीन कशी आहे हें आधीं विचारून मग घराचा आकार ठरवावा, हा त्यांतला धडा कोणत्याही संसारास पेलण्यासारखा आहे.