शिस्त, तटस्थता आणि निषेधाचा हक्क : सरकारी सेवकांविषयीच्या न्यायनिर्णयांची चिकित्सा

सरकारी नोकरी स्वीकारणारी व्यक्ती नागरिकत्वाचा कोणता भाग कार्यालयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत येते, हा प्रश्न भारतीय सेवाविधीत साठ वर्षांहून अधिक काळ चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः दिले आहे. तरीही मोर्चात चालल्याबद्दल, सभेस उपस्थित राहिल्याबद्दल वा शासनाच्या धोरणाविरुद्ध लिहिल्याबद्दल दोषारोपपत्रे दिली जातात, निलंबने होतात आणि प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. तत्त्व मान्य असूनही व्यवहार का बदलला नाही, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संपाच्या हक्काची चर्चा येथे अपरिहार्यपणे येईल. परंतु लेखाचा रोख मुख्यतः राजकीय स्वरूपाच्या निषेधावर आहे.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. शासन जेव्हा निषेध करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करते तेव्हा ते सामान्यतः तीन कारणे देते : शिस्त, राजकीय तटस्थता आणि सेवेचे सातत्य. ही तीन भिन्न हितसंबंधांची नावे आहेत. रुग्णालयातील परिचारिका कामावर आली नाही तर सेवेचे सातत्य बिघडते, तिचे राजकीय मत कोणते हा प्रश्न तेथे गैरलागू असतो. लेखापाल रविवारी एखाद्या सभेत बसला तर सेवेत काडीचाही खंड पडत नाही. पडलाच तर तटस्थतेचा प्रश्न पडतो. आणि वरिष्ठाच्या दालनात घुसून घोषणा देणे हा शिस्तीचा प्रश्न आहे, मग घोषणा वेतनवाढीच्या असोत वा परराष्ट्र धोरणाच्या. आमच्या मते न्यायनिर्णयांतील बराचसा सैलपणा एका हितसंबंधाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा युक्तिवाद उसना घेतल्यामुळे आला आहे.

कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात बिहार शासकीय सेवक वर्तणूक नियम, 1956 मधील नियम 4-अ ला आव्हान देण्यात आले होते. सेवाशर्तींशी संबंधित कोणत्याही बाबीसाठी निदर्शनात भाग घेण्यास व कोणत्याही प्रकारच्या संपास या नियमाने मनाई केली होती. पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी 22 फेब्रुवारी 1962 रोजी निर्णय दिला. निदर्शन हे भावना व्यक्त करण्याचे एक रूप आहे. शांततामय निदर्शनाचाही सरसकट निषेध करणारा नियम अनुच्छेद 19(1)(अ) व (ब) यांच्याशी विसंगत आहे. शासकीय सेवक म्हणून नेमणूक झाल्याने मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, असे त्यात प्रतिपादिले आहे. संपाविषयीचा भाग मात्र कायम ठेवण्यात आला. संघटना स्थापण्याच्या हक्कातून संपाचा मूलभूत हक्क निघत नाही, हे अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या 1961 च्या प्रकरणात आधीच ठरले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ हा निर्णय आला. महाराष्ट्रातील वाचकास तो अधिक जवळचा वाटावा. जोसेफ हे मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सचिव. ही संघटना ज्या अखिल भारतीय संघटनेशी संलग्न होती तिला शासनाने 1956 मध्ये मान्यता दिली आणि 1959 मध्ये ती काढून घेतली. मान्यता काढल्यानंतरही जोसेफ संघटनेत राहिले, म्हणून जून 1960 मध्ये त्यांच्यावर दोषारोपपत्र बजावण्यात आले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या जुलै 1960 मधील संपाच्या तयारीसाठी झालेल्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल लगेचच दुसरे आले. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण वर गेले व निकालपत्र लिहिले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. निदर्शनबंदीचा भाग तर त्यांनी कामेश्वर प्रसादच्या आधारे अवैध ठरविलाच. शिवाय मान्यता नसलेल्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास भाग पाडणारा नियम 4-ब पूर्णतः रद्दबातल ठरविला. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली निर्बंध घालावयाचा असेल तर निर्बंध आणि सुव्यवस्था यांतील संबंध निकटचा व प्रत्यक्ष असला पाहिजे, दूरान्वयाने जोडलेला नव्हे, ही त्यांची कसोटी या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत मौलिक वाक्याची बीजभूत कल्पना होय. संघटनेला मान्यता देणे न देणे शासनाच्या मर्जीवर. आणि मान्यता गेली की सदस्यत्व हा गुन्हा! शासनाच्या मर्जीवर नागरिकाचा हक्क लटकत ठेवणारी ही रचना गजेंद्रगडकरांनी ओळखली.

दुर्दैवाने तीच रचना नियमपुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर शिल्लक राहिली. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 तयार करताना नियम 7 मध्ये अनुच्छेद 19(2) मधील शब्दच जवळपास उचलून ठेवण्यात आले : सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान इत्यादींना बाधक निदर्शने तेवढी वर्ज्य. त्यामुळे नियम घटनेच्या भाषेत बोलू लागला व त्याला आव्हान देणे कठीण झाले. परंतु बाधक निदर्शन कोणते हे प्रथम ठरवितो तो शिस्तभंगविषयक प्राधिकारी. म्हणजे बहुधा ज्याच्या निर्णयाविरुद्ध निदर्शन झाले तोच.

त्याहून गंभीर आहे तो नियम 5. कामेश्वर प्रसादमधील नियम सेवाशर्तींपुरता होता हे अनेकदा विसरले जाते. वेतनासाठी मोर्चा काढणाऱ्याला त्या निर्णयाची ढाल मिळते. एखाद्या कायद्याच्या विरोधात मोर्चात चालणाऱ्याला नियम 5 गाठतो. कोणत्याही राजकीय चळवळीत वा कार्यात भाग घेणे, वर्गणी देणे, साहाय्य करणे यांस तो मनाई करतो. 'राजकीय' या शब्दाची व्याख्या त्यात नाही. त्याऐवजी उपनियम (3) आहे : एखादा पक्ष राजकीय आहे काय, एखादी संघटना राजकारणात भाग घेते काय, असा प्रश्न उद्भवल्यास शासनाचा निर्णय अंतिम राहील. उपनियम (2) तर कुटुंबीयांना विध्वंसक चळवळींपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्यही सेवकावर टाकतो. (अर्जुनाला आप्तांशी लढण्याचा उपदेश झाला, येथे कारकुनाला त्यांच्यावर पहारा ठेवण्याचा आहे.)

व्याख्येचा अधिकार शासनाकडे राहिला की काय होते याचे उदाहरण राष्ट्रीय स्वयंसेवक संघाविषयीच्या ज्ञापनांत सापडते. 1966 मध्ये केंद्र शासनाने संघाच्या कार्यातील सहभाग हा वर्तणूक नियमांचा भंग मानला. 1970 व 1980 मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला. 9 जुलै 2024 रोजी तो उल्लेख वगळण्यात आला. जी कृती 8 जुलैला शिस्तभंग होती ती 9 जुलैला राहिली नाही. मधल्या काळात संघाचे स्वरूप बदलले असे कोणाचेही म्हणणे नव्हते. बदलला तो व्याख्या करणारा हात. संघाविषयी वाचकाचे मत काहीही असो, या युक्तिवादास त्याने फरक पडू नये. याच संदर्भात मध्यप्रदेश राज्य विरुद्ध रामशंकर रघुवंशी (1983) हा निर्णय आवर्जून वाचण्यासारखा आहे. संघ व जनसंघ यांच्या कार्यात पूर्वी भाग घेतल्याच्या पोलीस अहवालावरून एका शिक्षकाची नोकरी गेली होती. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती कारवाई टिकू दिली नाही. त्यांची वैचारिक जवळीक त्या संघटनांशी होती असे कोणी म्हणणार नाही, आणि निर्णयाचे मोल नेमके त्यात आहे.

आता टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू शासन या 6 ऑगस्ट 2003 च्या निर्णयाकडे वळू. निवृत्तिवेतनविषयक लाभांतील कपातीविरुद्ध जुलै 2003 मध्ये तमिळनाडूतील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. शासनाने अत्यावश्यक सेवाविषयक कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून सुमारे 1 लाख 70 हजार जणांना चौकशीविना बडतर्फ केले. न्या. एम. बी. शहा व न्या. ए. आर. लक्ष्मणन यांच्या पीठापुढे खरा प्रश्न होता तो असा : इतक्या माणसांना त्यांचे म्हणणे न ऐकता एका फटक्यात काढता येते काय? या प्रश्नाचे उत्तर निकालपत्रात मिळत नाही. मिळते ते न विचारलेल्या प्रश्नाचे : संपाचा मूलभूत हक्क नाही, वैधानिक हक्क नाही, आणि त्याला नैतिक समर्थनही नाही.

पहिले विधान पूर्वनिर्णयांस धरून आहे. दुसरे शासकीय सेवकांपुरते, तमिळनाडूच्या वर्तणूक नियम 22 मुळे, समजण्यासारखे आहे. पण त्याचा जो सर्वसाधारण अर्थ पुढे लावला गेला तो चुकीचा होता. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 संपाचे नियमन करीत होता, आणि जे अस्तित्वातच नाही त्याचे नियमन कोणी करीत नाही. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली, नोटिशीची अट तेथे अधिक व्यापक झाली, तरी संप ही संकल्पना कायदेशीर राहिलीच.) बी. आर. सिंग विरुद्ध भारतीय संघराज्य (1989) मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच संपाला कामगारांचे एक महत्त्वाचे साधन मानले होते. तिसरे विधान तर न्यायालयाच्या कक्षेतीलच नव्हे. नैतिक समर्थन आहे की नाही हे ठरविण्यासाठी कपात न्याय्य होती का, वाटाघाटींचे मार्ग खुले होते का, हे तपासावे लागले असते; ते तपासले गेले नाही. शिवाय बंदविषयीच्या केरळमधील निर्णयाचा दाखलाही येथे देण्यात आला, ज्यात बंद आणि सर्वसाधारण संप यांत भेद केला होता. तो भेद रंगराजनमध्ये पुसट झाला.

परंतु या निर्णयातील सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग पुनर्नियुक्तीच्या अटीत आहे. अटक झालेल्या व गुन्हे दाखल झालेल्यांना वगळून इतरांना परत घेण्यास शासन तयार झाले, ते प्रत्येकाने बिनशर्त माफी मागावी व यापुढे नियम 22 पाळण्याची हमी द्यावी या अटीवर. यापुढील वर्तनाची हमी घेणे प्रशासकीयदृष्ट्या समजू शकते. माफी ही मात्र कृतीबद्दलच्या मताची कबुली असते. ती पगाराच्या बदल्यात लिहून घेतली जाते तेव्हा शिस्त कामाची उरत नाही, मनाची होते. दोन न्यायमूर्तींच्या या निर्णयाने पाच न्यायमूर्तींचे कामेश्वर प्रसाद औपचारिकरीत्या बाधित होत नाही. निदर्शनाचा हक्क शाबूत आहे. तथापि शासकीय कार्यालयांतील परिपत्रकांत पुढे उद्धृत होत राहिले ते रंगराजन.

प्रक्रियेकडे पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. अनुच्छेद 311(2) चौकशीची हमी देतो. त्याच्या परंतुकातील खंड (ब) चौकशी करणे व्यवहार्य नसल्यास ती टाळू देतो. भारतीय संघराज्य विरुद्ध तुलसीराम पटेल (1985) मध्ये न्या. मदन यांनी बहुमताच्या वतीने या परंतुकाचा विस्तृत अर्थ लावला. त्या प्रकरणांच्या गुच्छात बोकारो येथील औद्योगिक सुरक्षा दलाचे आंदोलन होते, 1981 च्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या संपातील बडतर्फ्या होत्या. न्या. ठक्कर यांनी भिन्नमत नोंदविले. आंदोलन जितके मोठे तितकी चौकशी अव्यवहार्य, या तर्काने सामूहिक निषेध करणाऱ्याची ढाल नेमकी गरजेच्या वेळी निसटते. महामंडळांतील सेवकांना तर 311 लागूच नाही, कारण ते नागरी पद धारण करीत नाहीत. राज्य परिवहन महामंडळाच्या 2021-22 मधील दीर्घ संपात हजारोंची निलंबने व बडतर्फ्या झाल्या आणि अखेर एप्रिल 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कामावर परतण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा हा फरक अनेकांना पहिल्यांदाच जाणवला असेल.

निलंबन ही तांत्रिकदृष्ट्या शिक्षा नव्हे. परंतु निर्वाह भत्त्यावर दिवस काढणाऱ्याला हे कोण सांगणार? त्रिपुरात मत्स्य विभागातील एका कर्मचारी महिलेस राजकीय सभेस उपस्थित राहिल्याबद्दल व समाजमाध्यमावरील मजकुराबद्दल एप्रिल 2018 मध्ये, निवृत्तीस जेमतेम काही दिवस उरले असताना, निलंबित करण्यात आले. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांनी जानेवारी 2020 मध्ये उपस्थिती आणि सहभाग यांत भेद करून कारवाई रद्द केली. निवडणुकीच्या काळात विविध पक्षांच्या सभांना जाऊन ऐकणे हे मतदाराचे काम आहे, आणि शासकीय सेवकही मतदार असतो. निर्णय उत्तम आहे. तो येईपर्यंतचा काळ मात्र कोणी भरून देत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांनी स्वतःस या चर्चेबाहेर समजू नये. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 31 जुलै 2018 च्या निषेधात भाग घेतल्याबद्दल 48 अध्यापकांना 2019 मध्ये केंद्रीय नागरी सेवा नियमांखाली दोषारोपपत्रे देण्यात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये पुढील कार्यवाहीस स्थगिती दिली. टीका करणे हेच ज्याचे व्यावसायिक कर्तव्य आहे अशा माणसाला, शासकीय धोरणावर प्रतिकूल टीका न करण्याचा नियम 9 कसा लागू करावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा अध्यापक अंदाजपत्रकावर व्याख्यान देतो तेव्हाही उरतोच.

दुसरी बाजू दुर्लक्षिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तहसील कार्यालयात दाखला मागावयास गेलेल्या नागरिकाला समोरचा अधिकारी आपल्या विरोधी पक्षाचा आहे अशी शंका येऊ नये, हे हित खरे आहे. निवडणूक कामावरील कर्मचाऱ्याच्या बाबतीत ते सर्वोच्च आहे. पण ते पदानुसार बदलते. ब्रिटनमध्ये मास्टरमन समितीच्या 1949 च्या अहवालानंतर सेवकांची श्रेणीनिहाय विभागणी झाली : काहींना राजकीय कार्याची पूर्ण मोकळीक, काहींना परवानगीने, धोरणनिर्मितीशी संबंधितांना कडक निर्बंध. आपल्याकडे सचिव आणि शिपाई एकाच नियम 5 खाली येतात. कर्मचारी संघटनांनीही या विभागणीची मागणी कधी नेटाने लावून धरली असे दिसत नाही. महाराष्ट्रात 1977-78 चा 54 दिवसांचा संप झाला, जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च 2023 मध्ये लाखो कर्मचारी रस्त्यावर आले. वर्तणूक नियमांतील 'राजकीय' या शब्दासाठी मात्र कोणी एक दिवसही काम थांबविले नाही.

महाराष्ट्र शासनाने 28 जुलै 2025 रोजी समाजमाध्यमांच्या वापरासंबंधी शासन निर्णय काढून केंद्र वा राज्याच्या धोरणांवरील प्रतिकूल टीकेस मनाई केली, आणि निमशासकीय संस्था, महामंडळे व स्थानिक स्वराज्य संस्थांनाही ती लागू केली. आधार महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 चा आहे. गजेंद्रगडकरांची कसोटी येथे लावावयाची तर प्रत्येक प्रकरणी विचारावे लागेल : लिहिणारा कोणत्या पदावर आहे, त्याच्या लिहिण्याचा त्याच्या कामाशी संबंध काय, आणि त्यातून कोणती प्रत्यक्ष हानी झाली? निर्णयातील मनाई सरसकट असल्याने चौकशी अधिकाऱ्याला हे तीनही प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही. ते प्रथमच विचारले जातील ते बहुधा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, कारवाई होऊन गेल्यानंतर.