मधुमेहविषयक अ‍ॅप्सची मराठी : एक चिकित्सा

मधुमेही व्यक्तीच्या हाती आलेल्या मोबाइल अ‍ॅपची चिकित्सा बहुधा अक्षरांचा आकार, कळांची मांडणी व नोंदींची सोय एवढ्यातच आटोपते. वस्तुतः आयएसओ ९२४१-११ ह्या मानकाच्या (१९९८, सुधारित २०१८) व्याख्येत वापरणारा, त्याचे उद्दिष्ट व वापराची परिस्थिती ही तिन्ही अंगे अंतर्भूत आहेत. वापरणाऱ्याची भाषा ह्यांतून वगळता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर–इंडियाब पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दाखविले. तेव्हा हा प्रश्न निव्वळ शब्दचर्चेचा राहत नाही.

‘फास्टिंग’ ह्या संज्ञेस ‘उपवास’ हा पर्याय कोशदृष्ट्या निर्दोष, पण व्यवहारात घातक ठरतो. वैद्यकास अभिप्रेत असते ते किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही न घेणे. मराठी उपवासाला साबुदाण्याची खिचडी व रताळी चालतात. एकादशीस खिचडी खाऊन मोजलेला आकडा ‘उपवासाची साखर’ ह्या रकान्यात कोणी प्रामाणिकपणे भरील, आणि १२६ मिलिग्रॅमची निदानरेषा निरर्थक होईल. ‘उपाशीपोटी’ हा घरगुती शब्द येथे अचूक आहे.

‘लो’ ह्या सूचनेची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘साखर कमी झाली’ हे वाक्य मधुमेह्याच्या घरी आनंदाचे असते. परंतु साखर ७० मिलिग्रॅमखाली उतरली, तर घाम, कंप व भोवळ ह्यांचे भय असते. शुद्धीवर असणाऱ्याने तत्काळ सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज वा साखर घ्यावयाची असते. धोक्याची सूचना जर शुभवार्तेसारखी वाचली जात असेल, तर तिचा लाल रंग व्यर्थ होय. ‘साखर फार उतरली, लगेच साखर खा’ असे कृतीसह सांगणेच युक्त.

परिस्थितीचा विचार कळंबोलीसारख्या ठिकाणी विशेष पटतो. येथील लोखंड बाजारात मालाची चढउतार करणाऱ्या वा रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाची न्याहारी व जेवण ह्यांच्या वेळा छापील रकान्यांत बसत नाहीत. अन्नाच्या यादीतील ‘भाकरी’ही एक नाही, रायगडच्या आगरी घरात ती तांदळाची, घाटावरून आलेल्याच्या ताटात ज्वारीची वा बाजरीची. धान्य न विचारता केलेला पिष्टाचा हिशेब कोणासाठी, हे सांगता येत नाही.

‘शुगर’, ‘फास्टिंग’ हे शब्द रुळलेलेच आहेत, मग प्रतिशब्द कशास, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाशी मेळ बसावा म्हणून ते शब्द ठेवावेत. मात्र त्यांच्या शेजारी बोलीतला अर्थ हवा, आणि तो कोशातून नव्हे, रुग्णाकडून वाचून घेऊन पारखलेला हवा. भाषांतर शुद्ध आहे की नाही, ही कसोटी येथे अपुरी आहे. वाचणाऱ्याने पुढे काय केले, हीच खरी कसोटी होय.