उजव्या कोपऱ्यातली वजाबाकी

नाटकांवर टीका करणारे आमच्या डोंबिवलीत पैशाला पासरी आहेत. गडकरी रंगायतनला प्रयोग बघायचा, ठाण्याला गाडीत शिरायचं आणि डोंबिवली यायच्या आत नाटककाराचा निकाल लावायचा, हा आमचा शिरस्ता. पण ज्या कलाकृतीकडे मी बँकेत रोज आठ तास टक लावून बघतो, तिच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा हे काम माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनाच्या गळ्यात पडलं आहे. कलाकृती म्हणजे संगणकावरच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातली ती आडवी रेघ. ती दाबली की उघडं काम डोळ्यांआड होतं.

आधी कौतुक करतो, कारण टीकाकारांची तशी पद्धत आहे. 1985 साली मायक्रोसॉफ्टचं पहिलं विंडोज आलं, तेव्हा त्यातल्या खिडक्या चाळीतल्या खोल्यांसारख्या शेजारी शेजारी असत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. थोडक्यात, चाळीची लोकल झाली. 1995 मध्ये तळाला पट्टी आली आणि झाकलेल्या कामांना रांगेत उभं राहायची शिस्त लागली. आता विंडोजची कळ आणि डी एकदम दाबलं, की अख्खा पसारा एका फटक्यात गायब! 1980 च्या दशकातल्या काही खेळांत तर ‘बॉस की’ नावाची खास कळ असे. साहेब आले की ती दाबायची. खेळाच्या जागी हिशेबाचा तक्ता हजर.

ॲपलवाले याहून बेरकी. कमांड आणि एच दाबलं, की सगळा प्रोग्राम खिडक्यांसकट लपतो. लाल टिंब दाबून खिडकी बंद केली, तरी बरेच प्रोग्राम आत चालूच असतात. म्हणजे दिवाणखाना रिकामा, पण मंडळी माजघरात चहा पीत बसलेली.

डोंबिवलीकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्या वन-रूम-किचनमध्ये बेल वाजली, की आई इस्त्रीचे कपडे, आमची पुस्तकं आणि निवडायची मेथी एकाच चादरीत गुंडाळून कॉटखाली सारायची. पाहुणे आत येईपर्यंत घर प्रदर्शनात ठेवण्याजोगं! फरक एवढाच, की पाहुणे गेल्यावर आई न चुकता कॉटखाली वाकायची.

माझा आक्षेप आहे तो इथेच. ते चिन्ह वजाबाकीचं आहे, पण त्यात वजा काहीच होत नाही. आमच्या हिशेबशास्त्रात असल्या नोंदींसाठी सस्पेन्स खातं असतं. कुठे घालावी ते कळत नाही अशी रक्कम तात्पुरती तिथे टाकायची. पण तिच्यामागे ऑडिटर लागतो आणि ती रक्कम ठिकाणी जाईपर्यंत पिच्छा सोडत नाही. झाकलेली खिडकी म्हणजे ऑडिटर नसलेलं सस्पेन्स खातं. जुन्या लेजरला एक गुण होता: ते टेबल अडवायचं. ते मिटल्याशिवाय डबा उघडायला जागा होत नसे. संगणकाचं टेबल कधी भरलेलं दिसतच नाही, म्हणून माणसाला वाटतं, काम संपलं.

हे तत्त्वज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कल्याणचे एक निवृत्त मोटरमन हयातीचा दाखला द्यायला आले. मी त्यांची नोंद अर्धी भरली, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. खिडकी झाकून धावलो. परत आलो तर काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक आणि पडद्यावर दुसरं खातं. आजोबांच्या फॉर्मवर शिक्का होता, म्हणून तो झालेल्या गठ्ठ्यात टाकला. तिकडे त्या खिडकीची वेळ संपली आणि तिने मुकाट्याने प्राण सोडला. जाताना आजोबांनाही घेऊन गेली.

डिसेंबरचं पेन्शन जमा झालं नाही. जानेवारीत आजोबा आले. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाले, “साहेब, औषधासाठी मुलाकडे हात पसरायची ही पहिलीच वेळ.” मी तळाच्या पट्टीकडे बोट दाखवून काय घडलं असावं ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आम्हीही गाड्या बाजूच्या लाइनीवर उभ्या करायचो. पण तिची नोंद असायची आणि सिग्नलवाला तिला विसरत नसे. दिसली नाही, तरी तिच्यात माणसं असतात हो.”

नोंद पुन्हा केली, थकलेलं पेन्शनही जमा झालं. पण कुठल्याही समीक्षकाला जमली नसती अशी समीक्षा त्या मोटरमननी तीन वाक्यांत केली होती.

तेव्हापासून संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी मी ऑल्ट दाबून धरतो आणि टॅब मारतो. झाकलेली सगळी मंडळी हजेरीला उभी राहतात. एकेकीला विचारतो, “तुमचं काम झालं का?” आणि मगच निरोप देतो. आई कॉटखाली वाकायची, तसाच हा प्रकार.

काल अकरा खिडक्या निघाल्या. दहा निकालात काढल्या. अकरावी या लेखाची होती. दुपारी साहेब आले, तेव्हा झाकली होती.