'पिंजरा' आणि 'लोला' : वेशीबाहेरच्या स्त्रीचा प्रश्न

जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द ब्ल्यू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटात एका नर्तकीपायी प्रतिष्ठित शिक्षकाचा विदूषक होतो. याच कथाबीजातून पुढे व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) आणि रायनर वेर्नर फासबिंडर यांचा 'लोला' (१९८१) हे चित्रपट निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या दोहोंतील स्त्रीच्या सामाजिक स्थानाचा विचार केला आहे.

'लोला'चा काळ १९५७ चा आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम जर्मनीत बांधकामाला तेजी आली आहे. कुंटणखान्यात गाणारी लोला शहराला रात्री हवी असते, दिवसा नको. नगराचा सचोटीचा बांधकाम अधिकारी फॉन बोम अखेर तिच्याशी विवाह करतो. कंत्राटदार शुकर्ट तिला कुंटणखान्याची मालकी देतो आणि त्या दोघांचे जुने संबंधही चालू राहतात. लोला समाजात सामावली जाते, कारण समाजानेच बाजाराचे नियम स्वीकारलेले असतात.

'पिंजरा'तील चंद्रकलेची स्थिती उलट आहे. लोलाला जी मालकी शेवटी मिळते, तिच्यासारखे काही चंद्रकलेपाशी आरंभीच आहे. फड तिच्याच नावाने चालतो, त्यावर अनेकांची पोटे अवलंबून आहेत. चित्रपट मात्र या बाबीकडे जवळजवळ लक्षच देत नाही. तिचा सूड, तिचे प्रेम, तिचा पश्चात्ताप हे सारे मास्तरांच्या अधःपतनाच्या आणि आत्मत्यागाच्या मापाने मोजले जाते. भलत्याच प्रेताला मास्तरांचे समजून गाव त्यांचा पुतळा उभारतो. जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाची शिक्षा मुकाट्याने स्वीकारतात. आदर्श टिकतो. डॉ. श्रीराम लागू यांच्या संयत अभिनयामुळे हा त्याग पटतोही; परंतु गावाच्या ढोंगावर रोखलेले बोट त्यामुळेच खाली येते, असे म्हणावे लागते. संध्या यांच्या चंद्रकलेला शेवटी सहानुभूती मिळते, स्थान मिळत नाही.

शिरूर-दौंड परिसरातील वाचकास हा प्रश्न केवळ पडद्यावरचा वाटू नये. शिरूरहून न्हावरेमार्गे येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला जेथे मिळतो, ते दौंड तालुक्यातील चौफुला संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. फिरत्या ढोलकी फडाहून संगीतबारीची व्यवस्था निराळी. येथे स्त्रियांच्या पार्ट्या थिएटरात मुक्कामाला असतात व उत्पन्नात थिएटरमालकाचाही वाटा असतो. या कमाईवर अनेक स्त्रिया भावंडांचे शिक्षण, घरातील लग्नकार्ये पार पाडतात. 'पिंजरा'च्या पटकथेत नेमका हा हिशेब कोठेच येत नाही.