लाल बावटा कलापथक : उदय, विघटन आणि समीक्षेचे मौन

प्रस्तावना :
अण्णा भाऊ साठे यांचे साहित्य आज महाविद्यालयीन अध्यापनात स्थिरावले आहे. तथापि गारखेडा परिसरात अध्यापन करताना असे जाणवते की, 'फकिरा' (१९५९) वाचलेल्या विद्यार्थ्याला लाल बावटा कलापथकाचे नाव क्वचितच ठाऊक असते. प्रस्तुत लेखात या कलापथकाचा उदय व विघटन यांचा समीक्षेच्या अंगाने विचार केला आहे.

उदय :
१९४४ साली अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी हे कलापथक उभारले. अण्णा भाऊंची लेखणी आणि बार्शीच्या कामगारांत घडलेल्या अमर शेखांचा पहाडी आवाज यांचा येथे संयोग झाला. गणात गणेशस्तुतीऐवजी मातृभूमी व हुतात्म्यांना वंदन आले, गौळण गळाली. डफ-ढोलकीचा ठेका मात्र तोच राहिला. म्हणूनच नवा आशय कामगारांना परका वाटला नाही.

विघटन :
या विघटनाला केवळ व्यक्तिगत मतभेद कारण मानणे अपुरे ठरते. तमाशाचा फड तिकिटावर जगतो. हे कलापथक मात्र पक्ष आणि कामगार-शेतकऱ्यांच्या सभांवर उभे होते. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, कार्यक्रमांवर बंदी आली आणि तो आधारच तुटला. चळवळीशी असलेले नाते हेच कलापथकाचे बळ होते आणि तीच त्याची मर्यादाही ठरली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे शाहीर पुन्हा लोकांपुढे गाजले. परंतु १ मे १९६० नंतर तेही निमित्त सरले. १९६९ मध्ये १८ जुलैला अण्णा भाऊ व २९ ऑगस्टला अमर शेख निवर्तले.

समीक्षेचे मौन :
कलापथक विखुरले तसे समीक्षेनेही त्याचे तुकडे केले. अण्णा भाऊ कादंबरीकार, तर अमर शेख 'कलश'चे कवी म्हणून स्वतंत्रपणे अभ्यासले गेले. 'माझी मैना' ही छक्कड आपण विरहाचे रूपक म्हणून वाचतो. पण झीलकऱ्यांनी उचललेला आणि सभेने परतवलेला सूर छापील पानावर उरत नाही. ज्या रचनेचा अर्थ गाण्यातून पूर्ण होतो, तिचे श्रेय एकट्या लेखणीला देणे हा अन्याय होय.

निष्कर्ष :
शाहिरी वाङ्मयाच्या अध्यापनात संहितेबरोबर आवाज, साथ व श्रोता यांनाही स्थान द्यावे लागेल. अन्यथा कलापथकाचे दुसरे विघटन आपल्याच वर्गात होत राहील.