चरित्र कीं दंतकथा?

शास्त्रज्ञाचें चरित्र हातीं घेतांना आपल्या मनांत एक अपेक्षा नकळत दडलेली असते. नायकानें नवें सत्य शोधावें, जगानें त्याची उपेक्षा करावी, आणि उतारवयांत त्याच जगानें त्याच्या गळ्यांत माळ घालावी! बार्बारा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीची कथा या सांच्यांत इतकी चपखल बसते कीं, ती खरोखर तशी घडली काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हीहि कित्येक वर्षें विद्यार्थ्यांना ती तशीच सांगत आलों. एव्हलिन फॉक्स केलर यांनीं लिहिलेलें १९८३ सालचें चरित्र व नाथॅनिएल कम्फर्ट यांचा २००१ सालचा ग्रंथ लागोपाठ वाचल्यावर मात्र आमची चूक कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

मॅक्लिंटॉकबाईंचें (१९०२-१९९२) बहुतेक आयुष्य मक्याच्या शेतांत व सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं गेलें. १९३१ सालीं हॅरिएट क्रायटन यांच्यासह त्यांनीं दाखवून दिलें कीं, आनुवंशिक गुणांची अदलाबदल होते तेव्हां गुणसूत्रांच्या तुकड्यांचीहि प्रत्यक्ष अदलाबदल होत असते. पुढें १९४१ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें काम करीत असतां कणसांवरील ठिपकेदार दाण्यांनीं त्यांचें लक्ष वेधलें. एखादा फिरता घटक रंगाच्या जनुकांत शिरला कीं दाणा फिका पडतो; दाणा वाढत असतां एखाद्या पेशींतील जनुकांतून तो निघून गेला, कीं त्या पेशीच्या वंशांत रंग परत येतो. तो लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरां निघाला तर बारीक. म्हणजे ठिपका हा त्या दाण्याच्या वाढीचा शिलालेखच, आणि बाई तो वाचीत होत्या! माळेंतील मण्यांप्रमाणें जनुकें आपापल्या जागीं स्थिर असतात, या समजुतीला त्यामुळें धक्का बसला.

एकेका रोपाशीं जवळीक करणारी, उतावळेपणा न जाणणारी ही दृष्टि वाचकाला उसनी देणें, हें केलरबाईंच्या ग्रंथाचें खरें यश होय. परंतु १९५१ सालच्या परिषदेंतील व्याख्यानानंतर सभेनें धरलेलें मौन व पुढील एकांतवास यांचे रंग त्यांत इतके गडद झाले आहेत कीं, बाकीचें चित्र त्यांत बुडून जातें. बाई १९४४ सालींच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभासद झाल्या होत्या. १९४५ सालीं तेथील आनुवंशिकीशास्त्रज्ञांच्या संस्थेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें. अशा विदुषीला अनाथ कसें म्हणावें?

कम्फर्ट यांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें आहे. घटक जागा बदलतात, ही गोष्ट मक्याच्या अभ्यासकांना लवकरच पटली होती. ब्रिंक व नायलन यांचा मक्याविषयींचाच पुरावा १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. वाद होता तो अर्थाविषयीं. हे घटक जनुकांचे नियंते असून, एकाच बीजांतून मूळ, पान, फूल असे भिन्न अवयव कसे घडतात, या कोड्याचें उत्तर त्यांच्यांत आहे, असें बाईंचें म्हणणें होतें. तें त्या व्यापक रूपांत विद्वानांनीं मानलें नाहीं. आजहि मानीत नाहींत. १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें फिरत्या घटकांच्या शोधाबद्दल. म्हणजे बाईंच्या दृष्टीनें जें साधन, त्याचा सत्कार झाला. साध्य बाजूलाच राहिलें.

दंतकथेपेक्षां ही हकीगत आम्हांस अधिक मोलाची वाटते. उपेक्षित प्रतिभेची कथा तरुणांच्या मनावर असें बिंबविते कीं, जगानें नाकारणें हाच सत्याचा पुरावा. हा बोध घातक आहे. डोळ्यांनीं अचूक पाहिलेल्या वस्तूचा बुद्धीनें लावलेला अर्थ चुकूं शकतो, आणि तरीहि पाहणाऱ्याची थोरवी उणावत नाहीं, हें खरी कथा शिकविते. मानवाच्या आनुवंशिक द्रव्याचा जवळजवळ निम्मा भाग अशाच फिरत्या घटकांपासून आलेला आहे, हें आतां सर्वमान्य आहे. एवढें पाहणारीला कैवाराची गरज ती काय?

कम्फर्ट यांच्या लेखनांत शेताचा वास नाहीं. केलरबाईंच्या लेखनांत तो आहे, पण साक्षीपुराव्याची कसोटी तितकी कडक नाहीं. वाचकांनीं प्रथम केलरबाईंच्या ग्रंथावर लोभ करावा, आणि मग कम्फर्ट यांचा ग्रंथ वाचून तो लोभ तपासून पाहावा, एवढीच आमची शिफारस आहे.